राजनंदिनी मुरमाचा ढाळ चढली त्याची हकिगत

तीर्थरूप आक्कास धाकट्या मच्छिंद्रचा दंडवत. गुडघ्याला तेल लावतेस ना? भावजींची शुगर कशी आहे? (त्यांना विचारलं की ते चिडतात, म्हणून तुलाच विचारतो.) इकडे सुप्याला आम्ही मामा-भाची खुशाल आहोत.

पोरीची ती उंच, माळरानात पळवायची मोटारसायकल विकून टाक, असं तू मला बजावलं होतंस. म्हणूनच मी रविवारी शर्यतीला गेलो, गिऱ्हाईक सोबत घेऊन. गिऱ्हाईक म्हणजे आमचा दूधवाला राधाकृष्ण. शर्यत एवढीच, की मुरमाचा उभा ढाळ मध्ये न थांबता चढायचा. सरावातच राजनंदिनीची गाडी अर्ध्यावर अडली आणि मागचं चाक जागीच गरगरायला लागलं. आता मी गप्प बसतो होय? (तू ओळखतेसच मला.) म्हटलं, जोर वाढव, मागच्या चाकावरची चेनची दातेरी चक्री मोठी टाक. मामाचा मान म्हणून तिनं टाकली. मग गाडीनं असा जोर केला की चाकानं तिथंच खड्डा पाडला आणि उडालेला मुरूम पंचांच्या पांढऱ्या कपड्यांवर नि राधाकृष्णाच्या तोंडात गेला.

पोरगी ढाळावर उकिडवी बसली, मूठभर मुरूम चोळून पाहिला आणि म्हणाली, "मामा, जोर लई हाय. जमिनीला त्यो झेपंना. चाक हिसका मारतंय म्हनून सुटतंय." आणि तिनं पहिलीपेक्षाही लहान चक्री बसवली. म्हणजे जोर आणखी कमी! मी मनातल्या मनात हात जोडले. पण आक्का, बैल ओल्या रानात पाय रोवत जातो तशी गाडी गेली, न घसरता, न ओरडता, थेट माथ्यावर. तिच्या आधीचे सगळे अर्ध्यातूनच परत फिरले होते. माईकवाल्यानं विचारलं, पोरगी कुणाची? मी म्हणालो, "शेवगावच्या रतनबाईची." तुझं नाव माळभर ऐकू गेलं. राधाकृष्ण आता गाडीच्या मागे लागलाय. मी त्याला दूध घालून जायला सांगितलं.

तुझा,
मच्छिंद्र

ता. क. तुमच्या शेताच्या कडेचा मुरमाचा ढाळ पडूनच आहे ना? सरावाला हवाय. भावजींना तूच सांग.

ता. क. दुसरा. अक्षर तू ओळखलं असशील. तिचं बघून मीही तो ढाळ चढायला गेलो, उजवा हात प्लास्टरात आहे. मी सांगतोय, राजनंदिनी लिहितेय. स्वतःचं कौतुक तिनं निम्मं गाळलंय असं ती म्हणते. मी वाचून पाहिलं असतं, पण चष्माही ढाळावरच फुटला.