निवेदनातली एक चूक

२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सोबत कादंबरीची नववी ते तेरावी प्रकरणं छापून पाठवतो आहे. जुनी छपाई वाचताना संगणकाने नेहमीप्रमाणे आपल्या पदरचं बरंच घातलं आहे. बाराव्या प्रकरणात नायक तीनदा मान खाली घालतो, त्यातल्या दोनदा संगणकाने मासा खाली घातला आहे. तू लाल शाईने जे करशील ते मी मुकाट्याने उतरवीन. सात वर्षं आपल्या मोफत ग्रंथघराचा हाच कायदा आहे, शेवटचा हात ताईचा. पाणीखात्यात एकतीस वर्षं नकाशे काढले, पण तिथल्या साहेबालाही मी इतका घाबरत नव्हतो.

आता वाईट बातमी. आपली सगळी पुस्तकं ज्या कंपनीच्या सर्व्हरवर आहेत, तिचं वर्षाचं भाडं आजवर रंगवाले काका गुपचूप भरत होते. काकांनी दुकान मुलाच्या हाती दिलं. मुलाने मला बसवून चहा पाजला, वडिलांच्या साहित्यप्रेमाचं कौतुक केलं आणि दुकानाच्या खर्चात ते बसत नाही असं सांगितलं. चहा चांगला होता. भाडं तीस तारखेपर्यंत भरलं नाही, तर एकतीसला कोणी आपलं पान उघडलं की कोरा पडदा दिसेल.

दुसरी वाट आहे. एका कंपनीचा एक तरतरीत तरुण घरी येऊन गेला. ते ग्रंथघर चालवायला घेतील. प्रत्येक पुस्तकाची पहिली दहा पानं फुकट, पुढची वर्गणी भरून. मी म्हटलं, ही पुस्तकं लिहिणारे जाऊन जमाना झाला, हक्क संपले, ती सगळ्यांची झाली, मग वर्गणी कसली? तो म्हणाला, अनुभवाची. मुद्रितशोधनाचं विचारलं तर ते यंत्र करतं म्हणाला, माणसाची गरज नाही. हे तुला सांगू नये असं बायकोचं मत होतं.

त्याला उत्तरही तीसच्या आत द्यायचं आहे. त्याआधी एकदा वाचकांकडे मदत मागून बघावी म्हणून निवेदन लिहिलं आहे. आपल्या घरात कोणी कोणाकडे वाटीभर साखरही मागितली नाही. लिहिताना हात जड झाला. तेवढं बघ.

तुझ्या लोभावर आणि लाल शाईवर विसंबून असलेला,
ठोंब्या


७ मार्च

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ. वि. वि.

प्रकरणं परत पाठवते आहे. मासे काढले. तेराव्यात तू स्वतः टाइप केलेली चार पानं आहेत हे मला लगेच कळलं. संगणक इतका निष्काळजी नसतो.

तू मला पुन्हा संगणक घ्यायचा आग्रह करू नकोस. पडद्यावर मला चूक दिसत नाही, नुसता उजेड दिसतो. छापखान्यात चौतीस वर्षं कागदावर वाचलं, आता डोळ्यांना नवी नोकरी लावणार नाही. प्रत्येक पानाच्या तळाशी माझा टपालाचा पत्ता देऊन 'चूक आढळल्यास मुद्रितशोधक ताईंना कळवावे' असं आपण छापतो, त्यावर या वर्षी दोन पत्रं आली. दोन्हींत चूक पत्र लिहिणाऱ्याची होती. तसं सविस्तर कळवलं. एकाने आभार मानले, दुसऱ्याने मानले नाहीत.

त्या तरतरीताला सांग, यंत्राला म्हणावं मासे मोजून दाखव.

निवेदन वाचलं. तू मदत मागतो आहेस की जामीन? पहिल्याच परिच्छेदात पाच वेळा क्षमा. कोणी चोरी केली आहे का? त्या पाचही काढल्या. 'यःकश्चित' काढलं. 'आम्हां पामरांना' काढलं, तू पामर असलास तरी मी नाही. मधला भाग मात्र तुला साधला आहे. जुनी पुस्तकं रद्दीच्या गाडीवरून उतरवून आणल्याचं लिहिलं आहेस, तिथे मी लाल पेन खाली ठेवलं.

शेवटचा परिच्छेद सबंध आडवा मारला आहे. 'तुम्ही वाचता, म्हणून हे घर उघडं आहे' या वाक्याशी निवेदन संपतं. त्याच्यापुढे बँक, शाखा आणि आकड्यांची ती लांबलचक शेपटी म्हणजे गाणं संपल्यावर गवयाने माइकवरून आपल्या चपला कुठे आहेत ते विचारण्यासारखं आहे.

बायकोला सांग, न सांगण्याचं तिचं मत योग्य होतं, पण उपयोग नव्हता.

रागाच्या आतल्या बाजूला माया असतेच,
ताई


१८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

निवेदन नऊ तारखेला लावलं, तुझ्या खुणा जशाच्या तशा उतरवून. शेवट खरोखर सुंदर झाला.

नऊ दिवसांत चार हजारांवर लोकांनी ते वाचलं. आपल्या एकाही कादंबरीला इतके वाचक मिळालेले नाहीत. न्हाव्याने वस्तरा थांबवून सांगितलं, की त्याने दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा गळा दाटून आला. मी म्हटलं, आधी वस्तरा खाली ठेव. पाणीखात्यातले जुने साहेब रस्ता ओलांडून आले, माझा हात हातात घेतला, डोळ्यांत पाणी. खिशात हात घातला, तेव्हा माझ्याही मनात आशा आली. रुमाल काढला. एका मासिकाच्या संपादकांनी फोन करून निवेदन पुन्हा छापायची परवानगी मागितली. मानधन देण्याची त्यांची प्रथा नाही.

आणि बँकेत यातलं काही नाही. रोज जातो. तिथल्या बाई आता मला बघूनच मान हलवतात. एक पैसा आला नाही, ताई. चार हजार माणसं वाचून गहिवरली आणि उठून आपापल्या कामाला लागली.

चूक लोकांची नाही. फुकट मिळतं त्याला माणूस वारा समजतो, वाऱ्याचं भाडं कोण देणार? मी त्या तरुणाला होकाराचं पत्र लिहून ठेवलं आहे. सव्वीसला टाकीन म्हणतो. निदान पुस्तकं कुठेतरी राहतील. पहिली दहा पानं तरी राहतील.

चौदावं प्रकरण पाठवत नाही. आता त्याचा काय उपयोग?

आहे तो लोभ पुरे आहे, वाढवण्याचे श्रम घेऊ नकोस,
ठोंब्या


२१ मार्च
(जलद टपालाने)

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद नंतर. आधी ते होकाराचं पत्र फाड.

फोन केला असता. पण मला ऐकू येत नाही म्हणून तू ओरडणार, मग मीही ओरडणार, आणि जे सांगायचं आहे ते मला शेजाऱ्यांना कळायला नको आहे.

सोमवारपासून माझ्याकडे टपाल येतं आहे. आधी तीन पाकिटं, मग नऊ. काल पोस्टमन पिशवीच घेऊन वर आला आणि घरात कोणाचं लग्न ठरलं का म्हणून विचारू लागला. सगळी पाकिटं 'मुद्रितशोधक ताईं'च्या नावाने. आजवर सत्तेचाळीस. आणि सत्तेचाळीस जणांनी एकच चूक कळवली आहे. निवेदनात मदत पाठवण्याचा पत्ता राहिला आहे.

मी पहिलं पत्र वाचून हसले. असल्या पत्रांना कसं उत्तर द्यायचं ते मला पाठ आहे. पाचव्याला तुझा मूळ कागद काढून बघितला. माझीच लाल रेघ, पट्टीने मारल्यासारखी सरळ. 'खाली वेगळ्या चौकटीत घ्यावा' असं समासात लिहायचं मनात होतं. तेवढ्यात नळ दुरुस्त करणारा आला, आणि तो गेल्यावर मी पुढचं पान घेतलं. चौतीस वर्षांत कोणी माझी चूक काढली नव्हती. आता सत्तेचाळीस जणांनी काढली आहे, आणि प्रत्येकाने वर पैसे दिले आहेत.

लोक गहिवरून कामाला लागले असं तू लिहिलंस. ते कामाला लागले नव्हते, पत्ता शोधत होते. सगळ्या ग्रंथघरात त्यांना एकच पत्ता सापडला, माझा. एका शिंप्याचं पत्र आहे. त्याच्या दुकानात सहा कारागीर. एक जण मोबाइलवरून आपली पुस्तकं मोठ्याने वाचतो आणि त्याच्या वाटणीच्या काजा बाकीचे करतात. निवेदन वाचून झाल्यावर पैसे कुठे द्यायचे ते आलं नाही, तेव्हा सगळ्यांनी वाचणाऱ्यावरच आळ घेतला, की तू कंटाळून शेवट गाळलास. दुसऱ्याला वाचायला बसवलं, मग तिसऱ्याला. शेवटी त्या पहिल्याची माफी मागून सगळ्यांनी मिळून पाकीट भरलं. त्याची माफी मीच मागायला हवी होती.

एक कारकून तुरुंगाच्या वाचनालयात आहे. त्याने पाठवलेली रक्कम लहान आहे, ती किती हातांतून जमली हे त्याने लिहिलेलं नाही, मी विचारणारही नाही. एका निवृत्त लघुलेखिकेने चुकीचा परिच्छेद, ओळ आणि तिची सुचवणी असं तीन रकान्यांत मांडलं आहे. ही बाई आपल्याला हवी आहे. काही धनादेश 'माननीय मुद्रितशोधक' या नावाने आहेत. बँक ते घेत नाही. मी आहे म्हटलं, तर त्यांनी पुरावा मागितला.

पाकिटं या पत्रासोबत पाठवत नाही, कारण मी ती तुझ्यावर सोपवणार नाही. ती न्यायला बायकोला पाठव.

चूक माझी. हे वाक्य जपून ठेव, पुन्हा मिळेल याची खात्री नाही.

ताई


२४ मार्च

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

काल घरी पोचले. गाडीत बॅग मांडीवरून खाली ठेवली नाही. तुमचं पत्र आलं त्या दिवशी यांनी ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग मला वाचून दाखवलं. होकाराचं पत्र मी तुमचं पत्र येण्याआधीच फाडलं होतं. हे ते कपाटात शोधत होते, तेव्हा मी सांगितलं.

पण ताई, सगळं तुमच्या अंगावर घेऊ नका. मी शाळेत सव्वीस वर्षं मुख्याध्यापक होते, समोरचा काय लपवतो ते मला दिसतं. खातेक्रमांक गेल्याचं यांना त्याच दिवशी कळलं होतं. मी खोदून विचारलं तेव्हा कबूल केलं. तुम्ही आडवा मारलेला परिच्छेद बघून यांना इतकं हायसं वाटलं, की मागायचं टळलं, आणि टाळणारे आपण नाही, ताईंचा हात शेवटचा. मग रोज बँकेत जाऊन न मागितलेले पैसे का येत नाहीत म्हणून झुरत बसले. तुम्हां बहीणभावांत एकीला चूक दिसली नाही आणि दुसऱ्याला दिसून सोयीची वाटली.

भाडं काल भरलं. वर्षभराचं निघालं, आणि वर थोडं उरलं. त्या तरुणाला मीच फोन केला. त्याने विचारलं, तुमच्याकडे अशी काय योजना आहे? मी म्हटलं, आमच्याकडे वाचक आहेत.

आता हे म्हणतात, चूक तशीच राहू द्यावी, लोक उत्साहाने पकडतात. तुम्हीच काय ते सांगा. मी सांगितलं तर ते ऐकतील, पण मनापासून नाही.

येत राहा, नाहीतर मी पुन्हा बॅग घेऊन येईन,
तुमची भावजय


२८ मार्च

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या बायकोचं पत्र मिळालं. तिच्यासारखी माणसं घरात येतात म्हणून आपली घरं उभी राहतात.

चूक तशीच ठेवायची कल्पना तुझ्याखेरीज कोणाला सुचली नसती. परिच्छेद परत लाव, चौकटीत, ठळक अक्षरात, आज. मागायला लाज वाटत असेल तर डोळे मिटून लाव. आणि सात वर्षांचा तो कायदा मी रद्द केला आहे. यापुढे माझी खूण पटली नाही तर भांडायचं. सव्वाशे पानांत निदान एकदा भांडल्याचं मला दिसलं पाहिजे, नाहीतर तू वाचलं नाहीस असं मी समजेन.

गेले पाच दिवस मी उत्तरं लिहिते आहे, हाताने, प्रत्येकाला. पहिल्या दहांत 'अनवधानाने राहून गेलं' असं लिहिलं. अकराव्यापासून सरळ 'माझ्याकडून राहिलं' लिहायला लागले, ते वाक्य लहान आहे आणि हात कमी दुखतो. लघुलेखिकेला विचारलं, दर आठवड्याला चाळीस पानं वाचशील का? उलट टपाली हो आलं, तिन्ही रकान्यांसकट. मी एकटी होते तेव्हा कंपनीच्या पोराला माझ्या जागी यंत्र बसवता आलं असतं. आता आम्ही दोघी आहोत, त्याला फार खर्च येईल.

शेवटचं उत्तर एका आगबोटीवरच्या स्वयंपाक्याला लिहिलं. तो बंदर आलं की आपली पुस्तकं मोबाइलमध्ये उतरवून घेतो आणि पुढच्या बंदरापर्यंत पुरवून वाचतो. त्याने विचारलं आहे, की लहानपणी त्याची आई दिवाभीतांच्या, म्हणजे घुबडांच्या, गोष्टींचं एक पुस्तक वाचून दाखवायची, फाटकं, मुखपृष्ठ गेलेलं, नाव त्याला ठाऊक नाही. ते आपल्याकडे आहे का? मी सगळी यादी पाहिली. नाही. तसं लिहून पाकीट बंद करत होते, मग उघडलं आणि खाली लिहिलं, की पुढच्या वर्षी तुम्ही बंदराला लागाल तेव्हा सापडेल.

तुला विचारलं नाही. रद्दीच्या गाड्या बघायला लाग, आणि चौदावं प्रकरण पाठव.

लोभ आहेच, पानं कमी पडताहेत,
ताई