ताईची लिली जिवंत आहे, म्हणजे एका अर्थी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा इथूनच वाकून नमस्कार. (कंबर पूर्ण वाकत नाही, उरलेला मनाने वाकलो आहे असं समज.) तुझा गुडघा काय म्हणतो? बाळंतीण आणि बाळ खुशाल ना? बाळाचं नाक आपल्या घराण्यावर गेलं असेल तर वाईट वाटून घेऊ नकोस. पुढे चेहरा भरतो आणि नाक त्यात मुरून जातं. (माझा चेहरा अजून भरतोच आहे.)

आधी मुख्य गोष्ट सांगतो: तुझी लिली जिवंत आहे. हे वाक्य लिहिताना मला किती हलकं वाटतंय ते तुला पुढचं वाचल्यावरच कळेल, तेव्हा एक घोट पाणी पिऊन घे.

निघताना दारात तू बजावलं होतंस, "ह्यांच्या हातची एवढी एकच कुंडी उरलीय. तिला पाणी घाल, कविता ऐकवत बसू नकोस." मी दोन्ही केलं. रोज सकाळी कुंडीपाशी खुर्ची ओढायची आणि शाळेत पाठ केलेल्या फुलांच्या कविता चालीवर म्हणायच्या. (पाचवीपर्यंतच्या सगळ्या येतात. सहावीत गणित वाढलं आणि फुलं मागे पडली.) ती केशरी, ठिपक्यांची, पाकळ्या मागे मुरडणारी फुलं आली, डोलली आणि गळली. कवितेत फूल गळलं की बी धरतं, म्हणून मी शेंड्याकडे डोळे लावून बसलो. एक दिवस नजर खाली घसरली, तर खोडावर प्रत्येक पानाच्या बगलेत एकेक काळा, चकचकीत मणी! भावोजींच्या लिलीला कीड, आणि तीही माझ्या राखणीत!

मी दात घासायचा जुना ब्रश घेऊन सगळं खोड खरवडून काढलं. एकही किडा पळाला नाही की चावला नाही. इतकी निगरगट्ट कीड मी जन्मात पाहिली नव्हती. ओंजळभर निघाली. आपल्याच अंगणात टाकली तर पुन्हा चढेल, म्हणून मी इकडेतिकडे पाहिलं आणि भिंतीपलीकडे, दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या पुदिन्यात ती भिरकावून दिली. (शेजारधर्माचा विचार नंतर केला.) मुळाशी कुणी लपलं असेल म्हणून किटलीभर उकळतं साबणाचं पाणी कुंडीत ओतलं. आठवड्याभरात खोड आडवं झालं. उकरून पाहिलं, तर खालचा कांदा शिजला होता.

ताई, त्यानंतर मला अन्न गोड लागेना. तुझा फोन आला की तू लिलीचं नाव काढायच्या आत मी "ऐकू येत नाही" म्हणून ठेवून द्यायचो. (तू काळजीने कान तपासून घ्यायला सांगितलंस. कान ठणठणीत आहेत.) गद्यात सांगायची छाती होईना, म्हणून शोककाव्य लिहायला घेतलं. सात कडवी झरझर उतरली. आठव्यात 'कांदा' शब्दाला शोकाला शोभेल असं यमक मिळेना, म्हणून डोकं धरून बसलो होतो. तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली.

"भाऊ, माझ्या पुदिन्यात तुम्ही काही टाकलंत का?"

"मी? छे हो! वाऱ्याने आलं असेल."

"काय आलं असेल?"

(दातांच्या डॉक्टरांपुढे तोंड उघडू नये ते यासाठीच.)

पाय ओढत गेलो. पुदिन्यात जागोजाग एकेक हिरवं, टोकदार पान डोकं काढून उभं. बाईंनी त्यातलं एक अलगद उपटलं, तर खाली माझाच काळा मणी आणि त्याला दुधाच्या दातासारखी पांढरी मुळी! "लिलीची पिल्लं आहेत ही," बाई म्हणाल्या. "खोडावरच धरतात, पडतील तिथे रुजतात, आणि निघतात थेट आईसारखी. ठिपकासुद्धा इकडचा तिकडे होत नाही. ताईंच्या कुंडीतली ना? न मागता दिलीत हो!"

"तुम्हाला चकित करायचं होतं," असं म्हणून मी तिथेच मटकन बसलो. डोळ्यांना धार लागली. बाईंना वाटलं दाढ ठणकतेय. त्यांनी आ करायला लावून दोन्ही बाजू तपासल्या.

तर ताई, भावोजींचीच लिली आहे ही, नुसती वाटली गेली आहे. निम्मी बाईंकडे ठेवली, निम्मी मी चमच्याने उचलून आणली. ती कुंडीत, कान तुटलेल्या कपात आणि तुझ्या त्या चांगल्या बरणीत सुखाने नांदताहेत. काल रात्री मी गाढ झोपलो. शोककाव्याचं तेवढं वाईट वाटतं, पाचवं कडवं फार साधलं होतं.

तुझा,
धाकटा

ता.क. बाई म्हणतात, पिल्लांना फूल यायला दोन-तीन वर्षं लागतात. सध्या ती अगदी गवतासारखी दिसतात. तेव्हा तोवर तू लेकीकडेच राहिलीस तर? बाळालाही आजीचा लळा लागेल. खरं तर हे विचारायलाच पत्र लिहायला बसलो होतो.

पुन्हा ता.क. चिकटवलेलं पाकीट परत फोडलं आहे. वरचं मनावर घेऊ नकोस. मिळेल त्या गाडीने ये आणि समोर उभं करून हवं ते बोल. घरात रागवणारं माणूस नसलं की चहात साखर किती घालायची तेच कळत नाही.