हात सोडला तरी पाच सेकंद

३ नोव्हें., सोम. लातूर
गोदामातला यंत्राचा गाडा आज एकवीस वेळा जागेवर थिजला. नवं सोयाबीन ओलं, थप्प्या पार छतापर्यंत. वाय-फाय पोत्यांपलीकडे जाईल तर शपथ. गाडा एक, चालवणारे तिघं, तिघंही आपापल्या घरून: निलंग्याहून सविता, नांदेडहून रफीक, धर्माबादहून व्यंकट. थप्प्यांच्या बोळातून कॅमेरा फिरवायचा, सळई खुपसून नमुना काढायचा, खरेदीदाराला दाखवायचा. सिग्नल तुटला की गाडा थांबतो, मीच तसा बसवलाय. मालक अप्पा फोनवर: "सारखं का थांबून राहिलंय हे? माणूस बरा होता की!" डोकं फिरलं.

४ नोव्हें.
एकच सेटिंग बदललं. सिग्नल तुटला तरी शेवटचा हुकूम पाच सेकंद चालू. तेवढ्यात सिग्नल परत येतो. आज फक्त दोनदा थांबला. अप्पा खूश. तिघांना सांगायचं राहिलं, उद्या.

६ नोव्हें., गुरु.
रफीक आज परत ग्रुपवर 'सोडला' टाकायला विसरला. तिघांनी आपसात घालून घेतलेला नियम: एकाचं 'सोडला' आल्याशिवाय दुसऱ्याने गाडा घ्यायचा नाही. सविताने त्याला असा झापला की व्यंकटने हात जोडलेली चित्रं पाठवली. पोरगी पायाने अधू, कुबडीवर चालते, घराबाहेर फारशी पडत नाही. पण गाडा वळवावा तर तिनेच. हमाल महादूमामा तिला 'आमची डायवरीन' म्हणतात.
पाच सेकंदांचं आजही राहिलं. खरेदीदारांचीच इतकी गर्दी की

१० नोव्हें., सोम.
घात झाला. मामा बोळात वाकून सांडलेले दाणे भरत होते. सविताला कॅमेऱ्यात दिसले, तिने दाबून धरलेलं बटण सोडलं. नेमका तेव्हाच सिग्नल गेला. गाडा शेवटच्या हुकमावर पुढे जातच राहिला. मामांचा पाय गाडा आणि थप्पीच्या मध्ये. घोट्याचं हाड मोडलं. माझ्या फोनवर सविता ओरडत होती, "सर, मी सोडलाय! सोडलाय मी!"
मला लगेच कळलं. लगेच.

११ नोव्हें.
अप्पांनी विचारलं, ताबा कुणाकडं होता? मी नोंद दाखवली. सविता. खोटं काहीच दाखवलं नाही.
"मंग पोरीचं ध्यान न्हाई ऱ्हायलं."
मी लॅपटॉप मिटला. ते गेल्यावर सेटिंग होतं तसं केलं, सिग्नल तुटला की थांब. कुणी पाहिलं नाही. लिहिताना लाज वाटते.

१३ नोव्हें., गुरु.
सविताचा फोन. काम सोडतेय. रडत नव्हती, तेच जास्त वाईट.
"सर, मी बोट उचललं होतं. मला पक्कं आठवून राहिलंय. पण मंग गाडा कसा गेला?"
मी म्हणालो, "घाबरल्यावर माणसाला वाटतं तसं."
असं म्हणालो. मी.

१५ नोव्हें.
दवाखान्यात मामांकडे. पाय प्लास्टरमध्ये, तोंडाने मस्करी चालूच. मग माझा हात धरून: "त्या लेकराला कुणी बोलू नगा, सर. तिच्या बी जिवाला लई लागलं असंल."
अप्पांना सांगितलं तर काम जाईल, हे अजूनही पहिलं डोक्यात येतं. मामांचा पाय नंतर, सविता त्याच्याही नंतर. असला माणूस आहे मी.

१७ नोव्हें., सोम. निलंगा
सकाळच्या एसटीने आलो. अप्पांना अजून काही बोललो नाही. आधी सविताला सांगायचं.
तिच्या घरच्या ओट्यावर बसलोय. ती आत. तिचे वडील पाणी देऊन शेजारी टेकले. "बरं झालं आलाव, सर. चार दिस झाले, धड जेवंना. बोटाकडं बघत बसती. म्हणती, बाबा, माझ्या हाताचा मलाच भरोसा ऱ्हायला न्हाई. तुमी समजावा, तुमचंच खरं मानती ती." ते दुधाला गेले.
आतून कुबडीचा आवाज येतोय. पहिलं वाक्य काय बोलायचं, तेवढंच अजून