साचिकोचं धनुष्य

२५ सप्टेंबर २०१६, रविवार
ऊर्मीबरोबर दोजोत, धनुर्विद्येच्या वर्गात. तिची आई, साचिको, होती तेव्हा सोळा-सतरा वर्षांत चार वेळा गेलो असेन; आता दर रविवारी. पोरीसाठी दुसरं काय करावं ते सुचत नाही, म्हणून कोपऱ्यात बसून राहतो.

आज ओरडा खाल्ला. ऊर्मीचे बाण मारून झाले तसा मी मदत म्हणून उठून निशाणांकडे निघालो. शिकवणाऱ्या ओकाबे-सेनसेई ऐंशीच्या पुढच्या, एरवी त्यांचं बोलणं ऐकायला पुढे वाकावं लागतं. अशा ओरडल्या की मी जागीच थिजलो. पलीकडे एकाने दोरी ताणलेली होती. मला दिसलाच नाही.

रीत अशी: बाजूच्या वाटेने निशाणांपाशी जायचं, आडोशाला थांबायचं, मोठ्याने सांगायचं, "बाण काढायला येतेय." इकडून कोणीतरी उत्तर द्यायचं. उत्तर येईपर्यंत बाहेर पाऊल टाकायचं नाही.

घरी येईपर्यंत ऊर्मी जपानीत पुटपुटत होती. "दारावर लिहिलंय सगळं, बाबा." वाचलंय की. पहिलाच नियम, बाण लावल्याशिवाय दोरी ताणून सोडू नये. ऊर्मी आईकडून नि शाळेच्या क्लबात शिकली, मी सा.कडून रोज ऐकून ऐकून.

एक चांगलं झालं. २० नोव्हेंबरला सा.ला जाऊन वर्ष होईल. त्या दिवशी सकाळी ऊर्मी आईच्या धनुष्याने दोन बाण मारणार. सेनसेई म्हणाल्या, "आता पेलेल तिला." ऊर्मी हसली. किती महिन्यांनी.

८ ऑक्टोबर, शनिवार
पुण्याहून आईचा फोन. "परवा खंडेनवमी रे. साचिकोचं धनुष्य पूज हो. विसरशील, म्हणून आजच सांगतेय." सा. कधी विसरली नाही. माझ्या लॅपटॉपशेजारी तिचा चामड्याचा हातमोजा आणि पिशवीतलं धनुष्य स्वतः मांडायची. हळदीकुंकू पिशवीवरच.

हातमोजा ऊर्मी घालणार नाही. तो ज्याच्या हाताचा त्याचाच, म्हणते. धनुष्य मात्र आईकडून लेकीकडे जातं.

१० ऑक्टोबर, सोमवार
लिहायलाच हवं. नाही लिहिलं तर उद्या मी स्वतःलाच काहीतरी वेगळं सांगेन.

क्रीडादिनाची सुट्टी. ऊर्मी क्लबाच्या शिबिरात, संध्याकाळी येणार. झेंडू मिळाला नाही, सुपरमार्केटातून पिवळी शेवंती आणली. धनुष्य पिशवीतून काढलं. सव्वादोन मीटर बांबू, दोरी उतरवली की उलट्या बाजूला वाकून बसतो. ते तसं बघवेना. देवाच्या हातातलं धनुष्य कुठल्या चित्रात ढिलं असतं? म्हटलं, पूजा करायची तर नीट करू.

दोरी चढवणं मला येत होतं. सा. चढवायची तेव्हा खालचं टोक मीच धरायचो. आज ते भिंतीला टेकवलं, तिसऱ्या खेपेला जमलं. हळद, कुंकू, अक्षता, फुलं. इथपर्यंत ठीक.

मग उचललं. मुठीचं चामडं तिच्या बोटांनी काळं पडलंय. त्याच जागी माझी बोटं ठेवली. दोरी ओढली, थोडीच. छातीपर्यंत. तिचा कोपर कुठे जायचा ते आठवत होतो आणि बोटं सुटली.

आवाज मोठा नव्हता. मुठीच्या वर वीतभर उभी चीर.

बाण असला की जोर बाणाबरोबर निघून जातो. नसला की सगळा धनुष्यातच राहतो. हे मी विद्यार्थ्यांना आकृती काढून शिकवतो. शास्त्रज्ञ म्हणे!

दोरी उतरवली. हळद पुसली. पिशवीत घालून जागेवर उभं केलं.

११ ऑक्टोबर, मंगळवार. दसरा
सकाळी ऊर्मीने शेवंती बघितली. "पूजा केलीस?" केली म्हटलं. ती सा.च्या फोटोपुढे जरा वेळ बसली. मग मराठीत, "ओकासानला आवडलं असतं." आईला ओकासानच म्हणते ती.

महिनोन्‌महिने मराठी ऐकायला कान आसुसले, आणि आलं ते आज. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडलो. सा. गेली त्या दिवशीही इतका रडलो नव्हतो.

१५ ऑक्टोबर, शनिवार
लॅबमध्ये कोणी नव्हतं. चार प्रकारचे गोंद, बांबूच्या चिपा, दाबून बघितलं. चिपा छान चिकटतात. पण सव्वादोन मीटरचं धनुष्य ताणल्यावर तो जोड तिच्या चेहऱ्यासमोर हातभर अंतरावर असणार. उडाला तर डोळा जाईल.

सगळं केराच्या डब्यात टाकलं. कचरा वेगवेगळा करायचा विसरलो, परत काढून वेगवेगळा केला.

डोक्यात दुसरंही घोळतंय. वर्षभर कोणी वापरलं नाही, बांबू वाळला, आपोआप तडकला. कुणालाही पटेल. ऊर्मीलाही.

२२ ऑक्टोबर, शनिवार
ऊर्मी शाळेत. धनुष्य घेऊन सेनसेईंकडे. तोझाई लाईनच्या लोकलमध्ये दाराशी उभं धरून, दोन स्टेशनं. एका आजोबांनी कौतुकाने विचारलं, तुम्ही धनुर्विद्या करता? बायको करायची, म्हटलं.

सेनसेईंनी चिरेवरून अंगठा फिरवला.
"बाण नव्हता."
"नव्हता."
"नीट होणार नाही आता."

मग मी ते विचारलंच. वाळून तडकलं, असं तुम्ही ऊर्मीला सांगाल का? तुमच्यावर तिचा विश्वास आहे. बोलताना कान तापले, तरी वाक्य पुरं केलं.

सेनसेईंनी पिशवीची गाठ बांधली, दोन्ही हातांनी धनुष्य माझ्यापुढे धरलं, वाकल्या. बाहेर आलो. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, म्हातारीला खोटं बोलायला सांगतो. सा. असती तर आठवडाभर बोलली नसती माझ्याशी.

३० ऑक्टोबर, रविवार
दोजोत नाही गेलो. सर्दीचं कारण सांगितलं.

२०११च्या भूकंपाचा दिवस आठवत राहतो. ऊर्मी चौथीत होती. लॅबपासून ग्योतोकुला घरापर्यंत चालत आलो, सहा तास, फोन लागत नव्हता. ह्या दोघी शाळेच्या मैदानात. सा.च्या खांद्यावर ऊर्मीचं दप्तर, हातात धनुष्य. पासपोर्ट, पैसे, सगळं घरातच. मी चिडलो होतो, अगं, ह्याचं काय करणार होतीस? म्हणाली, "दुकानात मिळतं का हे?"

नाही मिळत गं.

३ नोव्हेंबर, गुरुवार
सांगितलं.

सुट्टी होती. ऊर्मीने स्वतःच पिशवीला हात घातला. आजपासून दोरी चढवून रोज थोडं सवयीचं करायचं, म्हणाली. मी म्हटलं, थांब. बस.

"बाण नसताना सोडलंस?"
"हो."
"नियम माहीत होता?"
"होता."
"मग?"

तिचा हात असायचा तिथे हात ठेवून बघायचा होता, म्हटलं. ऐकायला किती तोकडं वाटलं.

तिने धनुष्य बाहेर काढलं, चीर बघितली. रडली नाही. जपानीत म्हणाली, "मलाही बघायचं होतं." खोलीचं दार लावून घेतलं. धनुष्य आत नेलं.

१२ नोव्हेंबर, शनिवार
नऊ दिवस. जपानी नाही, मराठी नाही, इंग्रजी नाही. डबा करून ठेवतो, नेते, धुऊन ठेवते. आई फोनवर म्हणाली, "येईल रे ठिकाणावर, पोर आहे." पोर ठिकाणावरच आहे, आई. चुकलो मी.

२० नोव्हेंबर, रविवार
वर्ष झालं.

येऊ नकोस असं ती म्हणाली नाही, म्हणून गेलो. दोजोत आम्ही तिघंच. सा.चं धनुष्य तिने आणलं होतं. दोरी न चढवता समोरच्या भिंतीला टेकवलं, त्याला वाकून नमस्कार केला. मग शाळेच्या धनुष्याने दोन बाण. पहिला बाहेर, मातीत. दुसरा लागला. सोडल्यावर तिचा कोपर जिथे थांबला ना, तिथेच थांबायचा सा.चा. महिनाभर जे आठवत नव्हतं ते समोर होतं.

सेनसेई चहा करायला आत गेल्या. मुद्दाम गेल्या की काय कोण जाणे. ऊर्मी बाजूच्या वाटेने पलीकडे गेली. आडोशाला थांबली. मग आवाज आला.

"बाण काढायला येतेय."

दोजोत मी एकटा. सतरा दिवसांत तिचे पहिले शब्द, तेही रीतीपुरते. उत्तर काय द्यायचं ते जपानी शब्द मला पाठ आहेत. तोंडातून फुटेनात. ती पलीकडे थांबून. उत्तर आल्याशिवाय ती पाऊल टाकणार नाही, आईने शिकवलंय तिला.

शेवटी कसाबसा ओरडलो, "ये बाळा. कोणी नाही इथे. मी एकटाच आहे."

ती मग बाहेर आली.

परत आली तेव्हा बाणांची टोकं मुठीत झाकलेली. माझ्याकडे बघितलं नाही. शेजारी बसली, एका बाणाची माती पुसू लागली. दुसरा बाण आणि फडक्याचं एक टोक आमच्या मध्ये ठेवलं.

मी तो पुसायला घेतला.