पहिल्या पानावरचं नाव

३ तारीख, सोमवार
नवी वही. आधी पहिल्या पानावर माझं नाव घातलं, पेन्सिलीनं. यांची शिकवण. वही आपली करायची तर आधी नाव, आणि पेन्सिल अशासाठी, की चुकलं तर पुसता येतं. लग्नात मला अक्षरओळखही नव्हती. वाचायला यांनी शिकवलं. हे गेल्याला दोन वर्षं झाली.

धाकट्या बहिणीनं हट्टानं इथं तिच्या घरी आणलं. सामान म्हणजे एक ट्रंक आणि यांच्या पुस्तकांची दोन खोकी. बहीण म्हणाली, ताई, भांडीकुंडी टाकलीस आणि भावोजींची रद्दी तेवढी उचलून आणलीस! मग स्वतःच खोकी पलंगाखाली सरकवली. खोली उजेडाची आहे. भिंतीवर तिच्या सासूचा फोटो. सासूला जाऊन चार वर्षं झाली, तरी फोटोखाली ती आवाज चढवत नाही. म्हणते, म्हातारीचा भरवसा नाही, फ्रेममधूनही म्हणेल मीठ जास्त झालंय.

खूप दिवसांनी पोट दुखेपर्यंत हसले.

४ तारीख, मंगळवार
गावात जुन्या पुस्तकांचं दुकान सापडलं. रस्त्यावरून चार पायऱ्या खाली. छतापर्यंत फळ्या, चाकांची शिडी, खिडकीशी दोन खुर्च्या आणि त्यातल्या एकीवर मांजर. मी तासभर उभ्यानं वाचलं. मालक म्हातारे आहेत, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. त्यांनी शेवटी मांजराला उठवून मला खुर्ची दिली.

निघताना काम देऊ केलं. जुन्या मालकांची नावं, खुणा, टिपणं पुसायची. म्हणाले, बाई, गिऱ्हाइकाला पुस्तकात दुसऱ्याचा वास चालतो, दुसऱ्याचं नाव नाही चालत. दुपार मोकळी असते की मन नको तिथं जातं. हो म्हटलं.

७ तारीख, शुक्रवार
काम जमलं. रबर साबणाच्या वडीएवढा. एका दिशेनं घासायचं, नाहीतर कागदाला लव येते. चुरा ब्रशनं डब्यात.

आज एका पुस्तकावर बहिणीच्या सासूचं नाव निघालं. बहिणीनंच पुस्तकं इथं आणून विकली होती. मनात म्हटलं, चला सासूबाई, आणि पुसलं.

संध्याकाळी बहीण फोटोकडे बघत होती. विचारलं, ताई, ही म्हातारी कोण गं? फ्रेमबरोबरच आली असेल का? नेहमीची थट्टा म्हणून मी हसले.

८ तारीख, शनिवार
थट्टा नव्हती. मेहुण्यांनी सकाळी तो फोटो उतरवून तिथं कॅलेंडर टांगलं. स्वतःच्या आईचा फोटो. खिळा जरा वर ठोकायला हवा होता म्हणाले.

१० तारीख, सोमवार
मालकांना सरळ विचारलं, इथं नाव पुसलं की माणूसही पुसला जातो का. त्यांनी नाकारलं नाही. म्हणाले, माणसं या पायऱ्या जड पावलांनी उतरतात आणि हलकी होऊन चढतात, यात वाईट काय? मी विचारलं, तुमच्या घरी कोण असतं? त्यांनी मांजराकडे पाहिलं. मग म्हणाले, दुसरी खुर्ची कुणाची ते आठवत नाही, म्हणून मांजराला दिलीय.

उद्यापासून जायचं नाही. पलंगाखालच्या प्रत्येक पुस्तकावर यांचं नाव आहे, माझ्यासाठी अवघड शब्दांचे अर्थ आहेत. ती खोकी या घराबाहेर जाणार नाहीत.

१३ तारीख, गुरुवार
यांचं शेवटचं पुस्तक काढून बसले. आजारपणात यांचा आवाज गेला होता. काही हवं असलं की हाताशी असलेल्या पुस्तकाच्या कडेला लिहायचे. पाणी. उशी. तू जेवलीस का.

त्या दुपारी मी खुर्चीतच पेंगले. उठले तेव्हा हे गेले होते. कडेला वाकडंतिकडं लिहिलेलं: ऊठ ना गं.

दोन वर्षं डोळे मिटले की तेच तीन शब्द. बाकी सगळं राहू दे. हे राहू देत. फक्त ते तीन शब्द नकोत.

१४ तारीख, शुक्रवार
दुकानात गेले. त्यांच्याच रबरानं पुसले. फक्त तीन. मालक म्हणाले, बाई, ते तेवढ्यावर थांबत नाही, आणि मान फिरवली.

१५ तारीख, शनिवार
सकाळपर्यंत गाढ झोपले. बहीण म्हणाली, ताई, चेहरा उजळलाय.

हे कशानं गेले ते आठवेना. म्हणून पुस्तक उघडलं. कडेला पेन्सिलीनं अर्थ लिहिलेत, किती सोप्या शब्दांचे! एवढंही येत नव्हतं अशी कोण वाचणारी होती —

१८ तारीख, मंगळवार
झाडताना पलंगाखाली दोन खोकी सापडली. जुनी पुस्तकं. बहिणीलाही ठाऊक नाही कुणाची. दुकानात नेली. अडगळ कशाला.

२० तारीख, गुरुवार
खोकी संपली. सगळी एकाच माणसाची. हौशी असावा. पानोपानी अर्थ. दमायला झालं. पुसताना डोळ्यांना सारखं पाणी — चुरा गेला असेल.

२१, शुक्रवार
ही वही मागे वाचली.

हे. हे. यांनी. हे गेले. कोण हे?

नाव कुठेच नाही. उभ्या जन्मात घेतलं नाही, तसं लिहिलंही नाही. होतं ते खोक्यांत — आणि मी काल —

बहिणीला गदागदा हलवून विचारलं, भावोजींचं नाव काय? ती घाबरली. म्हणाली, कोण भावोजी? ताई, तुझं लग्न कुठं झालंय?

दुकानात धावले. डब्यातला चुरा मुठीत धरून — राखाडी — नुसता चुरा —

शनिवार
कुणीतरी मला वाचायला शिकवलं. कुणीतरी —

बोटं काळी झालीत. कशानं

—
टेबलावर एक जुनी वही आलीय. अर्धी कोरी, म्हणून इथंच टिपून ठेवते. पहिल्या पानावर कुणा बाईचं नाव. पेन्सिलीनं. मोठेपणी शिकून काढलेलं अक्षर, एकेक रेघ जपून. बिचारी. रबर हाताशीच आहे. एका दिशेनं घासायचं, नाहीतर कागदाला