एका पुरात दोन पातेली

३ फेब्रुवारी
समितीची बैठक. 'आठवणींची संध्याकाळ' ठरली! गावचा इतिहास गावच्याच म्हाताऱ्यांच्या तोंडून, प्रत्येकी तीन मिनिटं. आमचे अध्यक्ष पूर्वी लोकांचे दात उपटायचे, आता इतिहास उपटतात. म्हणाले, आठवणी अगदी उत्स्फूर्त हव्यात. म्हणून आधी तालमी! मी चिटणीस. म्हणजे खुर्च्या मी मांडायच्या, चहा मी सांगायचा, आणि हार त्यांच्या गळ्यात.

घरी आले तर आई म्हणते, माझंही नाव घाल. चार माणसांत कधी तोंड न उघडलेली बाई! कशावर बोलणार, तर "बघू". मी आपलं 'जुनं थिएटर' लिहून टाकलं. आयुष्यभर तिथं तिकिटं फाडलीत तिनं, दुसरं काय सांगणार?

९ फेब्रुवारी
पहिली तालीम. शिंपीकाकांच्या शाळेत म्हणे बैल शिरला होता. बरं सांगितलं. पण बाजी मारली ड्रायव्हरकाकांनी. बस चालवायचे ना, आवाज अजून खणखणीत. मोठ्या पुरात पूल वाहून गेला, तेव्हा हे एवढेसे. धाकट्या भावाला पातेल्यात बसवलं आणि छातीभर पाण्यातून ढकलत पलीकडे नेलं. भाऊ वाचला, आज नातवंडं खेळवतोय! अध्यक्षांनी डोळे पुसले. दाढ काढताना कुणासाठी पुसले नसतील.

आईची पाळी आली तर म्हणाली, पुढच्या वेळी.

१६ फेब्रुवारी
दुसरी तालीम. बैल आज आणखी दोन शाळांत शिरला! एकमेकांचं ऐकून ज्याला जे आवडलं ते त्यानं उचललं. वर शपथेवर सांगतायत. हसून हसून पोट दुखलं.

मग आई उठली आणि तिनंही पातेलं काढलं. तोच पूर, तोच धाकटा भाऊ. माझं हसू पळालं. आईला भाऊच नाही! एकुलती एक ती. ड्रायव्हरकाकांनी खाली मान घातली. आई मधेच अडली, मग बसलीच. अध्यक्षांनी मला कोपऱ्यात घेतलं — एका पुरात दोन पातेली चालणार नाहीत. बरोबर आहे, इतिहासाला काही शिस्त नको?

घरी येऊन मी ताडताड बोलले. लाज आणलीस म्हटलं. थिएटरवर बोल, नाहीतर नाव काढते.

"काढ," म्हणाली.

काढलं.

२० फेब्रुवारी
आई बोलत नाही. भाजी मात्र रोज जास्त तिखट होतेय.

२४ फेब्रुवारी
कार्यक्रम दणक्यात! नुसतं प्रास्ताविकच पाऊण तास. तेवढ्यात सगळे म्हातारे दोनदा बोलून झाले असते. बैल एकाच शाळेत शिरला, मी दम भरला होता. सगळ्यांत जास्त टाळ्या पातेल्याला. आई आली नाही.

२५ फेब्रुवारी
ड्रायव्हरकाका घरी आले. आई दळण आणायला गेली होती. ती नाही हे बघूनच आत आले असावेत. खुर्चीच्या टोकावर बसले. चहा नको म्हणाले.

दुपारच्या खेळाला आई त्यांच्याच बसनं जायची. पुढच्या सीटवर. एकदा बोलता बोलता तिनंच ही गोष्ट त्यांना सांगितली. ते पुढे इतरांना सांगत राहिले. कधी ती गोष्ट त्यांचीच होऊन बसली, त्यांना कळलं नाही. त्या दिवशी आई उठली तेव्हा आठवलं. पण एवढ्या लोकांत बोलायचं धाडस झालं नाही.

"आणि भाऊ वाचला हे मीच जोडलं, ताई. तिनं शेवट सांगितलाच नव्हता. तिचा स्टॉप आला."

ते निघाले. मी दारापर्यंत सोडायलाही उठले नाही.

२६ फेब्रुवारी
आईला विचारलं. पातेलं पोचलं पलीकडे, म्हणाली. तो नव्हता त्यात. त्यानंतर घरात कुणी त्याचं नाव काढलं नाही.

"मला ते माइकवरून एकदा घ्यायचं होतं. एवढंच."