हँगरला टांगलेलं वाक्य

२ जुलै

ती. ताईस,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

पक्ष्यांच्या दुकानातली नोकरी सुटली, कारण पोपट सुटला. पण ते राहू दे, हल्ली मी लाँड्रीत आहे. काल इस्त्रीचे कपडे द्यायला एका इंग्रजीच्या निवृत्त बाईंकडे गेलो, तर भिंतभर वंशावळी! एवढं मोठं खानदान कुणाचं, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, वाक्याचं.

ताई, अगं वर मूळपुरुष म्हणजे अख्खं वाक्य. त्याला फांद्या, फांद्यांना फांद्या आणि तळाला शब्द लोंबतायत. बाईंनी एक वाक्य दाखवलं: ‘द डॉग दॅट चेज्ड द पोस्टमन स्लिप्ड.’ घसरलं कोण, असं विचारलं. मी छातीठोकपणे सांगितलं, पोस्टमन. शेजारीच उभाय ना बिचारा! बाईंनी मधली फांदी हाताने झाकली. उरलं काय? ‘द डॉग स्लिप्ड.’ मी तिथेच उडी मारली. धुतलेल्या चादरी जिन्यावर सांडल्या, त्या पुन्हा धुवाव्या लागल्या.

दुकानात परतलो, तर समोर हँगरला हँगर लटकलेले. सुचलंच! मोठा हँगर म्हणजे वाक्य, त्याला दोन हँगर, एक कुत्रा नि एक घसरणं, आणि कुत्र्याखाली छोटा हँगर. छोटा काढला तरी वरचं सगळं जागच्या जागी. तुला नोकरीसाठीच्या नमुना पाठात अशीच इंग्रजी वाक्यं शिकवायचीत ना? पाठवू का?

लोभ असू दे, चादरींचं मालकांना कळलं तरी.
तुझा भिंगरी

७ जुलै

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. पोपटाच्या मालकाची माफी मागितलीस ना?

ही झाडं मला ठाऊक आहेत रे. मागच्या शाळेत नमुना पाठाला फळाभर काढली होती. मुलं अशी बघत होती, जणू मी गटारांचा नकाशा काढलाय. पहिल्या बाकावरची तर झोपलीच. हाताशी आलेली नोकरी गेली ती त्या जांभयांमुळे. आता ही एकच जागा उरलीय. तिथल्या मोठ्या बाईंनी आधीच बजावलंय की मुलं जागी राहिली तर बघू. शुक्रवारी पाठ आहे. आई म्हणते, नुसती उभी राहिलीस तरी पुरे, पण उभं राहिल्याचा पगार कोण देणार?

पाठव तुझे हँगर. पण तुझ्या वेळेत नको, माझ्या वेळेत.

माझा लोभ पार्सल पोचेपर्यंत राखून ठेवला आहे.
तुझी ताई

१२ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. बाकीचं नंतर!

घोळ झालाय. सगळ्यांत मोठा हँगर हवा म्हणून मी शेवटच्या दांडीवरचा ओढला आणि घाईत तसाच गुंडाळला. त्याच्यावर एका गिऱ्हाइकाचा काळा कोट होता! गिऱ्हाईक दुकानात बसून आहे, मालक माझ्याकडे बघत नाहीत, इस्त्रीकडे बघतात. पार्सल घरीच उघड. कोट जपून ठेव. वर्गात तर मुळीच उघडू नकोस!

एवढं सांभाळ आणि मलाही थोडं.
भिंगरी

१४ जुलै

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

तुझं पत्र आज आलं. पार्सल काल सकाळी मी घराबाहेर पडतानाच हातात पडलं, ते तसंच काखोटीला मारून वर्गात नेलं. मागे मोठ्या बाई बसलेल्या. दोरी सोडली आणि आतून पितळी बटणांचा कोट! वर्ग हसून लोळला. एकीने विचारलं, बाई, मिस्टरांचा का? तयारीचं वाक्य डोक्यातून गेलं. मग मलाच हसू फुटलं आणि फळ्यावर लिहून टाकलं: ‘द कोट दॅट माय ब्रदर सेंट इज नॉट हिज.’

चिठ्ठ्या करून मुलींनी शब्द हँगरना अडकवले. झोपाळू दिसणारी एक पुढे आली, ‘दॅट माय ब्रदर सेंट’ हा हँगर अलगद काढला. वर्ग ओरडला, ‘द कोट इज नॉट हिज!’ वाक्य तसंच लटकत होतं रे! तेवढ्यात तीच म्हणाली, पण बाई, आता ‘हिज’ म्हणजे कुणाचा? भाऊ तर गेला.

हँगर तिनेच परत अडकवला. मग प्रत्येकीला आपलं वाक्य टांगायचं होतं. घंटा झाली तरी कुणी उठेना.

मोठ्या बाई म्हणाल्या, सोमवारपासून या, फक्त कोट आणू नका.

कोट परत पाठवला आहे. हँगर शाळेतच राहतील, मालकांना सांग की ते नोकरीला लागले. आणि पुढच्या रविवारी ये. तुझ्यावाचून घरचं वाक्य पडत नाही, पण नीट कळतही नाही.

लोभ आहेच, तो कोटासारखा चुकून दुसरीकडे धाडू नकोस.
तुझी ताई